मनोहरभाऊजींच्या बिनकव्हरच्या तबकड्या

बाईचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ती म्हणाली, "डॉक्टर गेले. येतांनी छत्री आण, इथी पाणी चालू आहे." लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला डॉक्टरच म्हणत आली, आणि गावही त्यांना ढोरांचा डॉक्टर म्हणूनच ओळखत होतं. डॉ. मनोहर निमगडे, पशुवैद्यकीय अधिकारी, पोंभुर्ण्याचे जावई, माझे भाऊजी. मी छत्री घेऊन गेलो आणि ती उघडायला विसरलो, त्यामुळे बाईनं मला आधी टॉवेल दिला आणि मग रडली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि भाच्यानं विषय काढला. तो हैदराबादला असतो, आईला घेऊन जायचं म्हणतो. चंद्रपूरचं भाड्याचं घर सोडायचं. भांडी, कपाटं यांचं काहीतरी होईल, पण मधल्या खोलीतल्या तबकड्यांचं काय? सोल, जॅझ आणि त्यापुढची कसली कसली विलायती गाणी. जुनी, वापरलेली, लोकांनी टाकलेली किंवा सोडून गेलेली, भाऊजींनी जन्मभर गोळा केलेली. हैदराबादच्या दोन खोल्यांत ती मावणार नव्हती. बाईनं फक्त खोलीचं दार लोटून घेतलं.

नागपूरच्या एका संग्राहकाचा नंबर मीच मिळवून दिला. त्यानं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "कव्हरं शाबूत आहेत ना?" मी म्हटलं, एकही नाही. तो एखाद्याच्या घरी आजारी माणूस असल्यासारखा हळू आवाजात म्हणाला की कव्हर नसलेल्या तबकडीला बाजारात कोणी विचारत नाही. मला हसू आलं. हेच वाक्य मी भाऊजींना ऐंशीच्या दशकात किमान पन्नासदा ऐकवलं होतं. साळा झाल्यावर भाऊजींची टिंगल करायचा हक्क आपोआपच मिळतो, आणि मी तो कधी वाया घालवला नाही.

सुरुवात बल्लारशाहच्या रेल्वे कॉलनीत झाली. तिथे डोरोथी आंटी नावाची एक अँग्लो-इंडियन विधवा राहत होती. नवरा इंजिन ड्रायव्हर होता, मुलगा ऑस्ट्रेलियाला गेलेला, आणि आता तीही जाणार होती. तिची शेळी आजारी पडली म्हणून भाऊजींना बोलावणं आलं. मी तेव्हा चंद्रपुरात नवाच मास्तर झालो होतो, सुटी होती म्हणून मोटरसायकलवर मागे बसून गेलो. शेळीला औषध पाजून होईपर्यंत आतून एका वाद्याचा आवाज येत होता. नंतर कळलं, सॅक्सोफोन. भाऊजी हात धुता धुता थांबले. त्यांचा थांबलेला चेहरा मला अजून दिसतो... साबणाचे हात तसेच, आणि मान एका बाजूला कललेली. म्हशीच्या पोटाला कान लावून ऐकायचे तेव्हा ती अशीच कलायची.

आंटी सामान विकत होती. तबकड्यांचा गठ्ठा तिनं दारातच ठेवला होता. भाऊजींनी त्या मागितल्या आणि वर एक विचित्र अट घातली. आधी तुम्ही एकदा माझ्यासमोर बसून ऐका, मग मी नेतो. आंटीला वाटलं, खराब निघतील म्हणून डॉक्टर तपासून घेतोय. तसं नव्हतं. ती ऐकू लागली, आणि दुसऱ्या बाजूला येईपर्यंत तिनं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं होतं. गाणं संपल्यावर तिनं तबकडी नीट कव्हरात घालून पुढे केली. भाऊजींनी तबकडी बाहेर काढली आणि रिकामं कव्हर तिच्या हातात परत दिलं.

हे समजायला आमच्या भागातला बैलबाजार माहीत असावा लागतो. घरचा बैल विकायचा झाला तर घरची बाई त्याच्या कपाळाला कुंकू लावते, शेवटचा घास भरवते, आणि बैल जातो. दावं मात्र जात नाही. घेणाऱ्यानं स्वतःचं दावं आणायचं. विकणाऱ्याच्या घरी ते खुंटीला राहतं, म्हणजे त्या जनावराचं काहीतरी घरात राहतं. भाऊजी रोज त्याच गोठ्यांत वावरलेले. त्यांनी तोच नियम तबकड्यांना लावला. आंटीला त्यांनी मोडक्या हिंदीत हे समजावलं, आणि तिनं ते कव्हर छातीशी धरलं. परतताना मी म्हटलं, भाऊजी, संग्रह करणारा माणूस कव्हरासाठी जीव टाकतो, तुम्ही तर फुकट वाटून राह्यले. ते मोटरसायकलच्या आवाजात ओरडून म्हणाले, "अरे, बैल न्यायचा का दावं न्यायचं?"

मग हे वेड वाढतच गेलं. मोटरसायकलच्या एका बाजूला औषधांची पिशवी, दुसऱ्या बाजूला घोंगडीत गुंडाळलेला बॅटरीवर चालणारा प्लेअर. खाणीवर आलेले परदेशी इंजिनिअर परत निघाले की भाऊजी हजर. गडचिरोलीकडच्या एका मिशन दवाखान्यातली तरुण परदेशी नर्स जाताना तिच्या तबकड्या देऊन गेली. त्यात ढोल एकसारखा वाजायचा आणि दाढ दुखत असलेला कोणी माणूस बोलल्यासारखा गायचा. पोस्ट-पंक म्हणतात म्हणे त्याला. बाईनं ऐकून विचारलं, "याले ताप आला का?" भाऊजींनी स्पीकरच्या डब्यावर तळहात ठेवला, गाभण गाईच्या कुशीवर ठेवावा तसा, आणि म्हणाले की हा माणूस घाबरला आहे, पण पळून जात नाही. पुढे मीही ते गाणं ऐकलं तेव्हा मला तेच वाटलं, आणि भाऊजींनी सांगितलं नसतं तर वाटलं नसतं, हेही तितकंच खरं.

भंगार विकणाऱ्या कबाड्यालाही त्यांनी सोडलं नाही. चंद्रपूरच्या बाजारातल्या कबाड्याला स्टुलावर बसवून अख्खी जॅझची तबकडी ऐकवली. तो बिचारा "साब, पूरा ठेला बाकी है" म्हणत राहिला, आणि भाऊजी म्हणत राहिले की तुझ्या दुकानातून चाललीय, एकदा ऐक. कव्हर त्यालाही दिलं. पुढच्या आठवड्यात आम्ही भजी खायला गेलो तर भजीवाला त्याच कव्हरानं शेगडीला वारा घालत होता. कव्हरावर तुतारी वाजवणारा काळा माणूस गाल फुगवून बसलेला. मी पोट धरून हसलो. भाऊजींनी शांतपणे दुसरी प्लेट मागवली आणि म्हणाले, वारा तर चांगला घालून राह्यला.

उघड्या तबकड्यांना आमचा उन्हाळा आणि धूळ सोसायची नाही. तेव्हा बाई पुढे आली. तिनं जुन्या लुगड्यांच्या चौकोनी पिशव्या शिवल्या, आतून मऊ, वरून दुहेरी. तबकडी ओळखायची ती लुगड्यावरून. हिरव्या काठात सॅक्सोफोन, जांभळ्यात ती घाबरलेली मंडळी. धान साठवायची बांबूची, शेणामातीनं लिंपलेली ढोली असते, तशी एक छोटी ढोली मधल्या खोलीत आणली आणि तिच्यात पिशव्या उभ्या ठेवल्या. बाहेर रस्त्याचं डांबर वितळायचं, ढोलीत तबकड्या गार.

आमच्या बाबांना हे सगळं पसंत नव्हतं. बाबा पोंभुर्ण्याला धान पिकवायचे आणि विहाराचं काम बघायचे. एवढा शिकलेला जावई, समाजात चार शब्द सांगायचे सोडून इंग्रजी बायांचं रडणं ऐकत बसतो, असं ते माझ्यापाशी बोलायचे. भाऊजींना हे कळत होतं. त्यांना सासऱ्याकडून शाबासकी नको होती, पण बाबांनी एकदा ऐकावं, एवढं फार वाटायचं. एका संध्याकाळी ते प्लेअर घेऊन पोंभुर्ण्याला आले आणि अंगणात बाबांच्या खाटेशेजारी लाल काठाच्या पिशवीतली तबकडी लावली. एक बाई गात होती. आवाज खालून सुरू होऊन कुठच्या कुठे जायचा. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. संपल्यावर त्यांनी विचारलं, ही बाई कोणाच्या घरची? भाऊजींनी सांगितलं की हिच्या पूर्वजांना साखळ्या घालून जहाजांतून आणलं आणि बाजारात उभं करून विकलं. दात बघून, दंड चाचपून.

बाबांनी मान गोठ्याकडे वळवली. बैल तिथे रवंथ करत होते. मग बाबा म्हणाले, "आपुन बैल इकतो तं दावं ठेवतो. त्याईच्या मागं दावं ठेवणारं कोणी होतं का?"

 भाऊजींचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी प्लेअरची सुई पुसायला घेतली. थोड्या वेळानं बाबाच म्हणाले, "अजून एकदा लाव." माझ्या भाऊजींना आयुष्यात बदल्या, बढत्या, सत्कार सगळं मिळालं, पण त्या संध्याकाळइतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी त्यांची टिंगल पुढेही केली, फक्त कव्हरांवरून केली नाही.

तर आता गेल्या रविवारचं सांगतो. नागपूरचा संग्राहक कव्हरं नसतानाही आला, बहुधा माझ्या भिडेखातर. सभ्य माणूस. त्यानं ढोलीत डोकावून पाहिलं आणि एक-दोन पिशव्या हातात घेतल्या. बाईनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "आधी माह्या संगं बसून ऐका. मंग न्या, नायतर नका नेऊ." तिनं लाल काठाची पिशवी काढली. पदरानं हात पुसले, तबकडी लावली, आणि स्पीकरवर तळहात ठेवून उभी राहिली. भाऊजी ठेवायचे तसाच. तो माणूस दोन्ही बाजू संपेपर्यंत हलला नाही. बाहेर भाचा हैदराबादच्या गाडीचं बघत होता, त्यानंही फोन खिशात टाकला.

संपल्यावर तो म्हणाला की कव्हरं नसोत, मी सगळ्या नेतो, आणि सांभाळीन. त्यानं तबकडी पिशवीत घातली. बाईनं हात पुढे केला, पिशवी घेतली, तबकडी अलगद बाहेर काढली आणि उघडीच त्याच्या हातात दिली. तो गोंधळला. म्हणाला, मावशी, पिशवी राहू द्या ना, धूळ लागेल.

"तुमची पिशवी आना," बाई म्हणाली. "दावं नाई देत आमी."

त्या दिवशी त्याच्या रुमालातून एकच गेली. बाकीच्या तो दर रविवारी येऊन, ऐकून, स्वतःच्या पिशव्यांतून नेणार आहे, आणि भाच्यानं हैदराबादची तारीख पुढे ढकलली आहे. निघताना मी लाल काठाची पिशवी उचलून पाहिली. रिकामी होती, तरी आतल्या कापडावर तबकडीचा गोल उमटलेला होता... आणि तोंडाशी, अंगठा नेहमी जिथे लागायचा तिथे, कापड झिजून पातळ झालं होतं. धुवून ठेवू का, असं मी बाईला विचारलं. तिनं ती माझ्या हातातून घेतली, घडी न करता परत ढोलीत उभी केली, आणि तिच्याशेजारची हिरव्या काठाची जरा सरकवून तिला जागा करून दिली.