टिश्यूच्या पाकिटाने धरलेली टॅक्सी

आयुष्यात मी नवरा एकदाच हरवला, आणि तोही जागा धरायला बसवलेला असताना.

इरा, नील, ही गोष्ट तुमच्या आईने तुम्हाला सांगितली असेल. पण तिला ती आजोबांनी सांगितलेली आहे, म्हणजे अर्धी खोटी आहे. खरी मी सांगते. (मराठी वाचायचा कंटाळा आला तर आईकडून मोठ्याने वाचून घ्या. तिलाही कळू दे.)

तिकडे कॅनडात तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून आधी इथली, सिंगापूरची, एक रीत सांगते. तोआ पायोहच्या आमच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, दुपारी गेलं की आधी जेवण घ्यायचं नसतं, आधी टेबल धरायचं असतं. त्याला इथे ‘चोप करणं’ म्हणतात. टेबलावर टिश्यूचं एक छोटं पाकीट ठेवायचं आणि खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. मग कितीही मोठा साहेब येऊ दे, त्या टेबलाला हात लावणार नाही. पोलीस, कोर्ट, कायदा, सगळं त्या पाकिटात! आणि गर्दी फारच असेल तर पाकिटाच्या जोडीला नवरा ठेवायचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तुमच्या आजोबांनी हे काम फार निष्ठेने केलं आहे. मी म्हणायचं, “अहो, इथे बसा, काही झालं तरी हलू नका,” आणि ते हलत नाहीत. एकदा शेजारच्या बाईंच्या गरम नूडल्स त्यांच्या मांडीवर सांडल्या. ओरडले, पण हलले नाहीत.

अशाच एका धरलेल्या टेबलावर आमचा मोरोक्कोचा करार झाला.

“अगं, टूर कंपनीबरोबर जाऊ,” आजोबा म्हणाले. “सोबत आपला आचारी असतो. सकाळी पोहे, दुपारी वरणभात. मोरोक्कोत वरणभात!”

“वरणभात खायला मोरोक्कोला कशाला जायचं? घरी कुकर आहे.”

“पण लीडर असतो, बस असते. डोक्याला त्रास नाही.”

याच डोक्याला त्रास नसण्याचा मला त्रास होता. आदल्या वर्षी आम्ही कंपनीबरोबर ग्रीसला गेलो होतो. तिथे एका पडक्या देवळासमोर मी माहितीची पाटी वाचत होते, तर अर्ध्या वाक्यात लीडरची शिट्टी वाजली. ते वाक्य कसं संपतं हे मला अजून कळलेलं नाही. मला एकदा तरी जुन्या शहरांत आपल्या पायांनी, आपल्या चालीने फिरायचं होतं. अवशेषांसमोर मन भरेपर्यंत उभं राहायचं होतं, मग पाय भरून आले तरी चालतील.

“ठीक आहे,” आजोबा म्हणाले. “तू ने. पण एक जरी घोटाळा झाला, तर यापुढे जन्मभर कंपनी. कबूल?”

“घोटाळा? मी असताना?” मी म्हणाले. “कबूल.”

(मुलांनो, ‘मी असताना’ हे शब्द कधीही मोठ्याने बोलू नयेत. देव ऐकत असतो, आणि त्याला विनोदाची आवड आहे.)

मराकेश उत्तम पार पडलं. फेजही. फेजच्या जुन्या शहरात गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सामानाने लादलेलं गाढव आलं की भिंतीला पाल होऊन चिकटायचं. तिथेही मी फोनवरचा नकाशा बघत पुढे आणि आजोबा मागे. कुठेही चुकलो नाही. (आजोबा म्हणतात, आपण एकाच चामड्याच्या दुकानात पुन्हा पुन्हा जाऊन पोचत होतो. त्याला दुकानदाराचं कौशल्य म्हणतात.) पासपोर्ट, पैसे, दोघांचे फोन, हॉटेलचे पत्ते, सगळं माझ्या पर्समध्ये, आपापल्या कप्प्यात. आजोबांकडे जबाबदारीचं काम एकच होतं: दशम्यांची पिशवी.

मग आम्ही मेकनेसला आलो. तिथून जवळच वोलुबिलिस म्हणून प्राचीन रोमन शहराचे अवशेष आहेत. मी खरी आले होते ती त्यांच्यासाठी. जायचं कसं? तर शेअर टॅक्सीने मुलाय इद्रिस या गावापर्यंत, आणि तिथून पुढे थोडं. टॅक्सी म्हणजे आजोबांच्या वयाची मर्सिडीज. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं, मागे चौघं, आणि सगळ्या जागा भरल्याशिवाय ती चाक फिरवत नाही. आम्ही पोचलो तेव्हा टॅक्सी पूर्ण रिकामी. ड्रायव्हर बॉनेटला टेकून सूर्यफुलाच्या बिया खात होता. म्हणजे वेळ भरपूर!

मी आजोबांना मागे खिडकीशी बसवलं. शेजारच्या सीटवर, माझ्यासाठी, टिश्यूचं पाकीट ठेवलं. सवयच ती.

“मी समोरच्या कॅफेत जाऊन येते, पाणीही घेते. इथे बसा. काही झालं तरी हलू नका.”

“नाही हलत,” आजोबा म्हणाले.

कॅफेतलं स्वच्छतागृह शोधायला थोडा वेळ लागला, पाणी घ्यायला थोडा लागला. बाहेर आले तर माझ्या डोळ्यांसमोर ती मर्सिडीज धूर सोडत वळणावरून निघाली होती. मागच्या काचेत आजोबांची टोपी, आणि टोपीशेजारी जोरजोरात हलणारा एक हात.

मला आधी वाटलं, कोणीतरी किती प्रेमाने टाटा करतंय! मीही हात हलवला.

मग कळलं.

मी कॅफेत असताना काय घडलं होतं ते मला नंतर समजलं. बाजाराहून घरी निघालेल्या एकाच घरातल्या पाच बायका आल्या आणि टॅक्सी एका दमात भरली. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या मावशींनी सीटवरचं पाकीट पाहिलं, आजोबांकडे बघून गोड हसल्या, पाकीट फोडून कपाळावरचा घाम पुसला, उरलेल्या टिश्यू बहिणींना वाटल्या आणि आरामात बसल्या. पाहुण्याने दिलेली भेट नाकारायची नसते! आजोबा म्हणाले, “रिझर्व्ह्ड.” मावशींनी त्यांना पावाचा तुकडा दिला.

आता परिस्थिती पाहा. आजोबांकडे फोन नाही, पैसे नाहीत, पासपोर्ट नाही. परक्या देशात ते आणि दशम्या!

मी धावत टॅक्सी अड्ड्याच्या मुख्य म्हाताऱ्याकडे गेले. मला शाळेत नन्सनी फ्रेंच शिकवलं होतं. व्याकरण पक्कं, पण हरवलेल्या नवऱ्यावर धडा नव्हता. शेवटी जेवढे शब्द आठवले तेवढे जुळवून मी सांगितलं, “माझे पती गेले. टॅक्सीतून. बायकांबरोबर.”

म्हाताऱ्याने हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

“किती बायका?”

“पाच.”

म्हाताऱ्याने ही बातमी अरबीत सगळ्या अड्ड्याला मोठ्याने सांगितली. क्षणात माझ्याभोवती ही गर्दी! एकाने मला बसायला स्टूल दिलं. संत्रीवाल्याने एक संत्रं सोलून हातात ठेवलं. दुसरा म्हणाला, “या वयात!” मी म्हणत होते, “नाही हो, ते तसे नाहीत, ते बँकेत होते,” तर सगळ्यांनी अधिकच दुःखाने मान हलवली. बँकेतल्या माणसांबद्दल तिथेही काही अनुभव असावेत.

दुसरी टॅक्सी भरायला एरवी तास लागला असता. माझी कर्मकहाणी ऐकून ती लगेच भरली. म्हातारा माझ्याशेजारी बसला, संत्रीवाला दुकान भावावर सोपवून पुढे बसला. त्या दोघांना मुलाय इद्रिसला काही काम नव्हतं. ते पुढे काय होतं ते बघायला आले होते.

मुलाय इद्रिस डोंगरावर वसलेलं पांढरंशुभ्र, फार सुंदर गाव आहे म्हणतात. मला दिसलं नाही. मी चौकात उभी राहून टोपीवाला म्हातारा शोधत होते. अड्ड्याच्या म्हाताऱ्याने खाटकाला विचारलं, खाटकाने पानवाल्यासारखा पुदिना विकणाऱ्याला, आणि उत्तर आलं: हो, होता ना एक हिंदी! पाच बायकांनी त्याला घरी नेऊन चहा पाजला. त्याने हाताने खांब, कमानी असं काहीतरी करून दाखवलं, तेव्हा मावशींच्या दिराने त्याला वोलुबिलिसला सोडलं.

“कशातून?” मी विचारलं.

“गाढवावरून.”

मुलांनो, तुमचे आजोबा बँकेच्या लिफ्टमध्येसुद्धा कठडा धरून उभे राहायचे.

आमची टॅक्सी आता पूर्ण माझ्या बाजूने लढायला निघाली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत वोलुबिलिसच्या दारात पोचला. मी तिकीट काढलं आणि आत धावले. माझ्यामागे म्हातारा, त्याच्यामागे संत्रीवाला. मोकळ्या रानात मोडके खांब उभे, एकेका खांबावर करकोच्यांची घरटी, जमिनीवर रोमन लोकांनी खडे जडवून केलेली चित्रं. ज्यासाठी मी आयुष्यभर थांबले होते ते सगळं दोन्ही बाजूंना होतं, आणि मी त्यातून टॅक्सी अड्ड्यावरची दोन माणसं घेऊन पळत होते!

इतक्यात समोरून आवाज आला.

“सगळ्यांनी एकत्र राहायचंय! जोशीकाकू, त्या दगडावर डबा ठेवू नका, तो रोमन आहे!”

मराठी! मोठ्या कमानीच्या सावलीत पुण्याच्या एका टूर कंपनीचा ताफा बसला होता. केवळ महिलांची सहल. पंजाबी ड्रेस, पायांत स्पोर्ट्स शूज, डोक्यावर कंपनीच्या लाल टोप्या. आणि त्यांच्या बरोबर मधोमध, हातात कागदी बशी घेऊन, तुमचे आजोबा. एक काकू त्यांना शिरा वाढत होत्या, दुसऱ्या लिंबाचं लोणचं. दशम्यांची पिशवी सगळ्यांत फिरत होती.

माझ्याशेजारी म्हातारा दगडासारखा उभा राहिला. त्याने एकवार त्या सगळ्या बायकांकडे पाहिलं.

“ह्या... सगळ्या?” त्याने मला हळूच विचारलं.

मी काही बोलायच्या आत तो पुढे गेला आणि त्याने आजोबांचा हात दोन्ही हातांत घेऊन आदराने हलवला. संत्रीवाल्यानेही. माझी बाजू घेऊन आलेले दोन्ही साक्षीदार तिथेच फुटले!

“अहो!” मी ओरडले.

“अगं, सापडलीस!” आजोबा आनंदाने म्हणाले. मग लीडरकडे वळून, “हीच ती. मी म्हणत होतो ना, बायको हरवली आहे.”

“मी हरवले? तुम्ही हरवलात! हलू नका म्हणून सांगितलं होतं ना?”

“मी कुठे हललो? मी जागेवरच होतो,” आजोबा म्हणाले. “टॅक्सी हलली.”

सगळ्या काकू खो खो हसल्या. शिरावाल्या काकूंनी डोळे पुसले. लीडर, केतकी नावाची चुणचुणीत मुलगी, शिट्टी गळ्यात अडकवून पुढे आली. “काकू, काका सांगत होते तुम्ही सगळं स्वतःच आखता. ग्रेट हं! आता आमच्याबरोबर चला, बसमध्ये जागा आहे. मेकनेसला सोडते.”

“नको गं,” मी म्हणाले. “आमची टॅक्सी उभी आहे.”

मागे वळून पाहिलं. म्हातारा, संत्रीवाला आणि ड्रायव्हर, तिघंही टॅक्सीत बसून निघून चालले होते. माझी केस निकालात निघाली होती.

मी म्हटलं, दुसरी येईल. आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो. ऊन मी म्हणत होतं. टॅक्सी येईना. दूरवर एक गाढव दिसलं. आजोबांनी माझ्याकडे बघून मान जोरात हलवली, ‘पुन्हा नाही’ अशी. पण तोंडाने करार हा शब्द त्यांनी काढला नाही. (तेच तर वाईट. जिंकलेला माणूस गप्प बसला की त्याला काही उत्तर देता येत नाही.) मग कंपनीची थंडगार बस आमच्यासमोर येऊन थांबली, दार उघडलं, आणि आतून आल्याच्या चहाचा वास आला.

मी चढले. आजोबा माझ्या आधीच चढले होते.

पुढच्या वर्षी आम्ही केतकीच्याच कंपनीबरोबर तुर्कस्तानला गेलो. करार म्हणजे करार. यावेळी लीडर दुसरा होता, तरुण मुलगा. पहिल्याच सकाळी, बस सुरू झाल्यावर, त्याने माइक हातात घेतला.

“मंडळी, एकच विनंती. ग्रुप सोडून कुठेही जायचं नाही. आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये एक खरी घडलेली गोष्ट सांगतात. मोरोक्कोत सिंगापूरच्या एक आजी होत्या. फार शिस्तीच्या. त्यांनी टॅक्सीत टिश्यू पेपर ठेवून जागा धरली, नवऱ्याला बसवलं...”

सगळी बस पोट धरधरून हसली. माझ्या शेजारच्या ठाण्याच्या बाईंना तर ठसका लागला. माझ्या पाठीमागच्या सीटवर तुमचे आजोबा खिडकीबाहेर बघत होते, पण माझी सीट सारखी हलत होती.

“अगं बाई! असं कोण करेल हो?” ठाण्याच्या बाई मला म्हणाल्या.

“असतात हो काही बायका,” मी म्हणाले, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले.