उलट्या हाताचे मिस्त्री

परतवाड्यात ब्रेकचं काम करणारे पुष्कळ होते, पण चाकाला उलटा हात लावून बघणारे मिस्त्री एकच. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा हाताचा मागचा भाग ते घाट उतरून आलेल्या गाडीच्या चारही चाकांना लावायचे आणि कुठलं चाक ब्रेक धरून बसलंय ते सांगायचे. "तळहाताले घट्टे पडले, त्याले काई समजत नाई. उलटा हात खोटं बोलत नाई," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि तोवर त्याची गरज उरली नव्हती.

मी अमरावतीचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला लागतात, मी एक गोल नाकाची जुनी व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. घरातला पसारा कमी पडला का, असं बायकोने विचारलं खरं, पण पहिल्याच सहलीत मागच्या खिडकीतून मेळघाट बघताना ती हरखून गेली. त्याच सहलीत चिखलदऱ्याहून उतरताना गाडीचे ड्रम ब्रेक तापले आणि पेडल तळापर्यंत दाबूनही गाडी पुढे जातच राहिली. दोन वळणं कशीबशी निभावली. खाली आल्यावर बायकोने शांतपणे सांगितलं की पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसल्याशिवाय ती या गाडीत पाय ठेवणार नाही. ती नसेल तर त्या पलंगाचं आणि शेगडीचं मी एकटा काय करणार होतो?

मिस्त्रींचा सगळा जन्म ड्रममध्ये गेलेला. डिस्क म्हणजे पोरासोरांच्या मोटारसायकलीची हौस, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मला अर्धा तास ऐकावं लागलं. मग बायकोने त्यांना ती दोन वळणं सांगितली. ऐकून ते म्हणाले, "गाडीले आधी थांबता आलं पायजे, वैनी. पळता तं रेड्यालेही येते." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अकोल्याला भंगारात एका जुन्या जीपच्या डिस्क शोधत होतो.

मोजमापाला माणूस भारी किचकट. डिस्कचा जबडा धरणारी लोखंडी पट्टी त्यांनी लेथवाल्याला दोनदा परत केली, आणि तो वैतागला की ते चहा मागवायचे, भरपूर साखरेचा. स्वतःला शुगर असून. मी बोललो तर म्हणायचे, शुगर डॉक्टरच्या कागदावर हाय, कपात नाई. ब्रेकच्या तेलाला दाब देणारा पेडलखालचा मास्टर सिलेंडर मात्र त्यांनी जुनाच ठेवला. त्याची दुरुस्ती त्यांनीच केली होती आणि स्वतःच्या कामावर त्यांचा फार जीव.

त्यांचा एक नियम होता: ज्याने ब्रेक केला त्याने पहिल्या उतारावर गाडीत बसायचं. त्याप्रमाणे ते माझ्या शेजारी बसले, बायको मागे. चढताना गाडी जड वाटत होती. मी म्हटलं, संसार भरलाय, ओढणारच. वर पोचल्यावर ते नेहमीप्रमाणे उतरले, पुढच्या चाकाला उलटा हात लावला आणि म्हणाले, "थंड हाय. चाला खाली." तेवढ्यात बायकोला जळका वास आला. तिने दुसऱ्या बाजूच्या चाकाला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांचा हात अजून चाकावरच होता आणि कातडी लाल झाली होती.

मी तो ओढून काढला. ते हाताकडे बघत राहिले. मग खाली बसून चाक बघितलं आणि दोष लगेच ओळखला. ड्रमसाठी केलेला सिलेंडर पाय काढल्यावरही पाईपात थोडा दाब अडवून ठेवतो. डिस्कला तेवढाही चालत नाही, ती घासत राहते. माणसाने कारण इतकं सरळ सांगितलं की मला वाटलं, प्रश्न मिटला. मग ते म्हणाले, "सिलेंडर तं बदलता येते, मास्तर. हाताचं काय करू?"

बायकोला आम्ही खाली जाणाऱ्या एका प्रवासी जीपमध्ये बसवून दिलं. चाकं निवू दिली, पाईपातला दाब सोडला आणि पहिल्या गिअरमध्ये, दर दोन वळणांवर थांबत, गाडी खाली आणली. उतरा म्हटलं तर ते ऐकेनात. नियम तो नियम. हाताला फोड आला होता आणि तो दुखत नव्हता, याचंच मला वाईट वाटत होतं.

आठवड्याने नवा सिलेंडर बसवून आम्ही तिघं पुन्हा तोच घाट चढून उतरलो. गाडी सांगू तिथे थांबली. पायथ्याशी मिस्त्री उतरले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "आता तुमी लावा," म्हणाले. मी उलटा हात लावत चारही चाकं फिरलो आणि सांगितलं: पुढची दोन्ही कोमट, सारखीच, मागची थोडी कमी. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "बरं. मंग चहा प्या," म्हणाले. त्यानंतर त्यांनी ब्रेकचं काम घेतलं नाही. कोणी फार आग्रह केला की म्हणायचे, दुसऱ्याच्या जिवाचं काम अंदाजानं करायचं नसते.

पुढे मी प्रत्येक वेळी घाट उतरलो की त्यांना फोन करून चाकांची हकीगत सांगायचो, आणि ते चहाचं तेच उत्तर द्यायचे. मागच्या वर्षी मिस्त्री गेले. माझ्या सख्ख्या मामासाठी मी एवढा रडलो नव्हतो.

ते गेल्यावर पहिल्यांदाच या हिवाळ्यात घाट उतरलो. सवयीने चारही चाकांना उलटा हात लावला, खिशातून फोन काढला आणि तसाच उभा राहिलो. बायको गाडीतून उतरून माझ्यासमोर आली.

"सांगा," ती म्हणाली.

"पुढची दोन्ही कोमट. सारखीच. मागची थोडी कमी."

"बरं," ती म्हणाली. "मंग चहा प्या."