आधी बोट, मग शब्द

बाबा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनपाशी काम करायचे. तिथल्या आवाजात आधी हात दाखवायचा आणि समोरच्याची नजर हातावर आली की मग ओरडायचं, अशी रीत. घरीही तेच. फळीकडे बोट करून गप्प राहायचे, आईनं वळून पाहिलं की म्हणायचे, "थो डबा दे." मी जाम वैतागायचो. आधीच बोलायला काय होतं या माणसाला!

पुढे, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, पुण्यात आम्ही एक सॉफ्टवेअर करत होतो. पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवून "इथं विहीर दाखव" म्हटलं, की तिथं विहिरीची खूण उमटायला हवी होती. उमटेचना. माणसं आधी बोट ठेवायची, शब्द मागून यायचा आणि तोवर आमचा प्रोग्राम बोट विसरून जायचा. मी म्हटलं, शब्द येईपर्यंत बोट लक्षात ठेवू या. खूण उमटली.

संध्याकाळी घरी फोन करून बाबांना म्हटलं, "हे तुमच्यामुळं जमलं." मागून आईचा आवाज आला, "अवो, फोनवर हात काऊन दाखवून राह्यले? त्याले दिसते का?"

मला दिसत होता. रिसीव्हर कानाला धरून मी शब्दाची वाट पाहत राहिलो.