टोचणाऱ्याचा दम

स्पिरिटचा वास आला की रझाकारीनंतरच्या वर्षांत आष्टीहून सायकलवर आलेला टोचणारा आठवतो. आमच्या गावचा चढ चढून तो शाळेपुढे उतरला तेव्हा इतका धापत होता की बोलता येईना. "क्षयाची लस टोचतो म्हणे! ह्यालाच क्षय हाय. पोरीला बिलकुल हात लावू देऊ नका," आई वडिलांना म्हणाली. तो हसला. "माय, जोर लावला की अंगाला हवा जास्ती लागती. धड माणसाचा दम जल्दी बसतो. मालकांना ही सायकल चालवून बघू द्या." वडील त्याच्या सायकलवर तोच चढ चढून आले, धापतच. मी दोघांकडे बघत राहिले. टोचणाऱ्याचा दम कधीच बसला होता, वडिलांचा बसेना. आईने माझी बाही वर सारली. मी दंड पुढे केला. पुढच्या उन्हाळ्यात वडील क्षयानेच गेले. धापणारा माणूस दिसला की मी आजही थांबून बघते.