बोटांचे बूट, गुरुवारचा बॅकलॉग

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला दत्ता लाइन सोडून कंपनीच्या क्लिनिकमध्ये आला. उजव्या पायावर वजन टाकता येत नव्हतं. पोलीस भरतीची मैदानी चाचणी सतरा दिवसांवर होती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चाकणच्या या प्लांटमध्ये आठवड्यातून दोन दिवस बसते. बहुतेक तक्रारी कंबर आणि खांद्याच्या असतात. पळण्यामुळे दुखावलेला पाय क्वचित येतो.

सेफ्टी शूज काढल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला सूज दिसली. दुसऱ्या बोटाच्या मागे दाबलं तेव्हा त्याने टेबलाची कड पकडली.

"कधीपासून?"

"काल सकाळपास्नं. पन मुरगळलं न्हाई मॅडम, आपोआप दुखाया लागलं."

दत्ता मोशीचा. कंपनीत सात वर्षं, कॉन्ट्रॅक्टवर. मागच्या भरतीत सोळाशे मीटरला तो सात सेकंदांनी मागे राहिला होता. ही त्याची वयात बसणारी शेवटची भरती होती. अडीच महिन्यांपूर्वी तो टो शूज घेऊन माझ्याकडे आला. हाताच्या पंजासारखे, प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले बूट. तळवा पातळ, टाचेला उंची नाही, आत गादी नाही. हलके असल्याने सात सेकंद भरून निघतील, असा त्याचा हिशोब होता.

त्याचे सुपरवायझर शेखभाई तेव्हा बीपी तपासायला आले होते. ते म्हणाले, "दत्ताभाऊ, पायात हातमोजे घालून फिरणार काय? चोर पळायच्या आधी हसून पडेल."

"पडू द्या की भाई. मग पळायचं कामच न्हाई."

चाचणीची तारीख तेव्हा लागली नव्हती. मी बूट वापरायला हरकत घेतली नाही, पण सवय हळूहळू करायला सांगितली. अशा बुटांत धक्का टाचेऐवजी पोटरी आणि बोटांमागच्या लांब हाडांवर येतो. पोटरी काही आठवड्यांत तयार होते. हाडाला जास्त वेळ लागतो, आणि ते आधी सूचना देतंच असं नाही. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून चार दिवस, दर वेळी दहा मिनिटं. पुढे पंधरा. बाकीचा सराव जुन्या बुटांत.

त्याला मी चार्ट दिला. क्लिनिकचे साधे तक्ते कामगार कोरेच परत आणतात, असा माझा अनुभव होता. म्हणून वर्षभरापूर्वी मी तक्ता लाइनवरच्या बोर्डासारखा केला होता. प्रत्येक लाइनला असा बोर्ड असतो: टार्गेट, ॲक्च्युअल, बॅकलॉग. ठरलेले पीस, झालेले पीस, राहिलेले पीस. तेव्हापासून तक्ते भरून येऊ लागले होते.

त्या शुक्रवारी मी दत्ताकडे चार्ट मागितला. त्याने लॉकरमधून आणला. घडी नीट होती, आकडे स्वच्छ होते. मागचे दोन आठवडे रोज ओव्हरटाइम होता. पळण्याच्या चारही दिवशी टार्गेट पंधरा मिनिटं आणि ॲक्च्युअलखाली नुसती रेघ होती, म्हणजे तो पळालाच नव्हता. गुरुवारसमोर लिहिलं होतं: साठ मिनिटं. दोन्ही गुरुवारी तेच. शेजारी बॅकलॉग शून्य, आणि टिकमार्क.

"साठ मिनिटं सलग? हेच बूट घालून?"

"व्हय. मोशीच्या नव्या सिमेंट रोडला. एक मिनिट शिल्लक ठेवलं न्हाई मॅडम."

गुरुवारी आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी असते. आठवड्यात पीस कमी पडले की गुरुवारी लाइन चालवून ते भरून काढतात. दत्ताने सात वर्षं तेच केलं होतं.

एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. अशी चीर केसाएवढी असते, पहिल्या दिवसांत एक्स-रेला सापडेलच असं नसतं. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर: एकाच जागी पुन्हा पुन्हा ताण येऊन हाडाला गेलेला तडा. हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद केलं.

"पट्टी घट्ट बांधून पळलो तर?" दत्ताने मला विचारलं. "चारच राउंड हायत."

"तडा आरपार जाईल. पहिला राउंडही पुरा होणार नाही."

"डॉक्टरचं पत्र दिलं तर तारीख पुढं सरकंल?"

ते मला माहीत नव्हतं. शेखभाईंनी भरतीच्या कार्यालयात फोन केला. बॅच बदलून मिळत होती, पण शेवटची बॅचही त्याच्या चाचणीच्याच आठवड्यात होती.

फोन ठेवून शेखभाई माझ्याकडे वळले. "मॅडम, पोराचं चुकलं काय? तुम्ही टार्गेट दिलं, त्याने पूर्ण केलं. आम्ही त्याला हेच शिकवलंय."

"चुकलं ते माझं," मी म्हणाले. "बॅकलॉगचा रकाना मी ठेवला होता."

दत्ता म्हणाला, "जाऊ द्या भाई. मॅडमनी काय मला पळ म्हनून ढकललं न्हाई."

त्या आठवड्यात मी चार्ट बदलला. आता त्यात दोनच रकाने आहेत. खाली एक ओळ छापली आहे: चुकलेला दिवस सोडून द्या, दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. काही तक्ते पुन्हा कोरे येतात.

चाचणीच्या दिवशी पहाटे शेखभाई दत्ताला गाडीवरून मैदानावर घेऊन गेले. मी जाऊ नको म्हटलं होतं. त्याला हजेरी लावायची होती. पायात डॉक्टरांनी दिलेला प्लास्टिकचा बूट होता. पुढचं शेखभाईंनी आणि नंतर दत्ताने सांगितलं, दोघांच्या सांगण्यात फरक नाही. कागदपत्रं बरोबर निघाली. उंची भरली. छातीचं मोजमापही भरलं. सोळाशे मीटरसाठी नाव पुकारलं तेव्हा तो रांगेतून बाहेर आला. धावणार नसल्याचं त्याच्याकडून लिहून घेतलं, खाली त्याने सही केली.

दुपारी अडीचला तो सेकंड शिफ्टला हजर होता.