मावशीचं बोलणं, जसंच्या तसं

तिसऱ्या वर्षाला भाषाशास्त्राचा पेपर होता आणि त्याच्यासोबत एक प्रकल्प. घरची बोली टेपवर घ्यायची, कागदावर उतरवायची आणि तिच्यावर इंग्रजीत वीस पानं लिहायची. तो शिकवणाऱ्या मॅडमची सही नसेल तर परीक्षेचा अर्ज पुढे जात नव्हता. माझ्या प्रकल्पावरची सही दोनदा अडली.

अडणारच. सांडोर गावातल्या केळीच्या वाड्यांतलं पाणी टँकर भरभरून नव्या इमारतींना चाललं होतं आणि मी दोन वर्षं त्याविरुद्धच्या आंदोलनाची पत्रकं लिहीत होते. पत्रकाचा कायदा सोपा. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मधे कुणी झोपता कामा नये. त्याच हाताने मी प्रकल्पाची सुरुवात केली होती: आमच्या बोलीला सगळे हसतात, आणि हा अन्याय आहे.

मॅडमनी समासात लिहिलं, "सगळे म्हणजे कोण? तू स्वतः ऐकलंस?"

मी तणतणत स्टाफरूममध्ये गेले. ऐकलं होतं की. वर्गातली, एव्हरशाईन सिटीच्या नव्या इमारतींत राहणारी मैत्रीण माझ्या आईशी फोनवर बोलली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सॉरी हां, पण ते नक्की मराठीच होतं ना?"

"मग एवढंच लिही," मॅडम म्हणाल्या. "एक मुलगी, एकदा. सगळे नकोत."

मला ते भ्याडपणाचं वाटलं. तरी लिहिलं, कारण अर्ज अडकला होता. आणि गंमत म्हणजे, एका मुलीचं ते एक वाक्य माझ्या अख्ख्या अन्यायापेक्षा जास्त झोंबत होतं.

दुसऱ्या वेळी मी टेपवरचा मजकूर दिला. सांडोरला राहणारी माझी मावशी केळीच्या वाडीत बसून बोललेली, पाऊण तास. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "टेप आणलीयस? लाव."

मी लावली. माझ्या कागदावर मावशी म्हणत होती, 'अतिरिक्त उपशामुळे बागायती धोक्यात आली आहे.' टेपवर मावशी म्हणाली, "आमची हीर आटली तं केळीला पानी काय तुमचा टँकर पाजनार?"

मॅडमनी टेप मागे नेली, पुन्हा ऐकली. हसल्या नाहीत. "हे कुठे गेलं?"

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते द्यायची लाज वाटत होती. पत्रकात आम्ही बायकांचं बोलणं नेहमीच नीट करून छापायचो. साहेबाच्या टेबलावर कागद जाणार, तिथे आमची माणसं अडाणी दिसायला नकोत. बोलीची बाजू घेऊन वीस पानं लिहिणारी मीच, आणि पाऊण तासात बोलीचं एक वाक्य शिल्लक ठेवलं नव्हतं. मैत्रिणीने निदान विचारलं तरी होतं.

"चार दिवस देते," मॅडम म्हणाल्या. "आणि तिची परवानगी घेऊन ये."

परवानगी ही औपचारिक बाब असेल असं मी समजले होते. मावशी मुळ्याच्या जुड्या बांधत होती. टेपवरचं जसंच्या तसं लिहायचं म्हणताच तिचा हात थांबला.

"म्हंजे मला येडी दाखवनार तू. कॉलेजात."

"नाही गं. त्यांना तसंच हवंय."

"त्यांना हवंय. तुला काय हवंय? फादर आले का मी कशी नीट बोलते, म्हायतीय ना? तसं लिव."

"तसं लिहिलं तर मी नापास."

"हो नापास मग. लगीन लावू तुजं." मग जुडी बाजूला ठेवून तिने विचारलं, "ती बाई हसली?"

"नाही. परत लावायला सांगितलं."

"परत?" मावशीने एक जुडी उगाच सोडून पुन्हा बांधली. "मग अर्धंमुर्धं नको. टँकरवाल्याला मी शिव्या घातल्या त्या पन लिव. मधे थुंकले, तेपन."

चार दिवस मी टेपरेकॉर्डरला चिकटून होते. एक वाक्य, थांबव, मागे, पुन्हा. पत्रक मी तासाभरात लिहायचे. इथे एक पान व्हायला दुपार जायची. हात सारखा सुधारायला धावायचा आणि मी तो खेचून परत आणायचे. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात इंग्रजीत साधं लिहिलं: पहिल्या मसुद्यात संशोधिकेने बोलणाऱ्या स्त्रीची वाक्यं बदलली होती, ती आता मूळ रूपात दिली आहेत. माझ्यावरचा आरोप, माझ्याच सहीने. त्यात एकही भडक शब्द नव्हता.

मॅडमनी सगळं वाचलं. शिव्यांच्या पानावर थांबून एका शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी तो समासात पेन्सिलीने लिहून घेतला, शेवटच्या पानावरचं माझं 'आम्ही मागणी करतो' लाल शाईने खोडलं आणि त्याच पेनाने खाली सही केली.