ताण दिलेला चाफा
सुनेने आमचा चाफा करवतीने कापला होता आणि तुकड्यांतून पांढरा चीक गळत होता. मेलेल्या झाडाला चीक येत नाही. ऑपरेशन झालेल्या नवऱ्याला घेऊन मी नुकतीच चोआ चू कांगच्या फ्लॅटवर परतले होते. सिंगापुरात बारा महिने पाऊस, त्यामुळे चाफा नुसता पानांनी माजला होता, फुलत नव्हता. म्हणून यांनी गावी डाळिंबाला द्यायचे तसा त्याला ताण दिला. कुंडी हॉलमध्ये ओढली आणि पाणी तोडलं. पानं झडून काड्या उरल्या, आणि तेवढ्यात हे हॉस्पिटलात गेले. "मला वाटलं मेलाय," सून रडवेली होऊन म्हणाली. "बाबा आजारी, त्यात घरात वाळकं झाड कशाला ठेवायचं?" "झोपला होता गं तो," हे म्हणाले. "मला भूल दिली तेव्हा तू तिथे नव्हतीस हे बरं झालं." ती हसली, मला हसू आलं नाही. यांनी त्या फांद्या आठवडाभर सुकवून कुंडीत खोचल्या. त्यातली एक जगली. आज तिला पहिलं फूल आलंय, घरभर वास आहे. तो घ्यायला हे राहिले नाहीत. फांदी राहिली आणि मी राहिले.